पाववाल्याची सायकल आणि गिरगावातला एक जुना रस्ता

दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या रस्त्याचं पुनरुज्जीवन आणि त्यात बसवलेला सायकलमार्ग, एवढा या प्रकरणाचा विषय. काळ साधारण २०२२ ते २०२५. रस्त्याचं, वाड्यांचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, काही खुणाही थोड्या हलवल्या आहेत. आराखड्याचं काम आमच्या छोट्या गटाकडे होतं, त्यामुळे बैठका, मोजणी आणि प्रत्यक्ष काम हे सगळं जवळून पाहता आलं.

पार्श्वभूमी

गिरगाव म्हणजे मुळात वाड्या. माडांच्या आणि फळझाडांच्या बागा, त्यांच्या कडेकडेने पायवाटा, आणि पुढे त्याच पायवाटांचे रस्ते झाले. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावं अजून पाट्यांवर आहेत, झाडं गेली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्तीतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे सरळ, रुंद रस्ते काढले. समुद्राचा वारा आतपर्यंत यावा हा त्यामागचा हेतू. आपला रस्ता त्या जातीचा नाही. तो ट्रस्टच्याही आधीचा आणि वाड्यांच्या हद्दी सांभाळत वळत गेलेला आहे. त्याची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनदा बदलते, आणि मधला पट्टा तेवढा ऐसपैस आहे.

दोन्ही बाजूंना तीन-चार मजली चाळी, लाकडी कठडे, खाली दुकानं: पूजासाहित्य, फरसाण, एक जुना छापखाना, पोळी-भाजी केंद्र, इस्त्रीवाले. काही इमारती वारसा यादीत आहेत, बऱ्याचशा नाहीत. मुंबईच्या वारसा नियमावलीला १९९५ मध्ये अंतिम रूप आलं, पण तिचा भर मुख्यतः इमारती आणि परिसरांवर. दोन इमारतींमधल्या डांबराला वारसा म्हणून कोणी फारसं विचारत नाही. या रस्त्यावरचा दगडी प्याऊ, म्हणजे जुनी पाणपोई, कागदोपत्री जपलेला होता, आणि प्रत्यक्षात त्याच्या पायऱ्या डांबराखाली गडप झाल्या होत्या.

अडचण

वरवर पाहता तक्रारी नेहमीच्याच होत्या. पदपथावर दुचाकी, पेव्हर ब्लॉक उखडलेले, दिवे अर्धे बंद, पावसात तळमजल्याच्या खोल्यांत पाणी. रस्ता एकेरी, आणि दोन्ही कडांना गाड्या उभ्या राहिल्या की मध्ये एक टॅक्सी जेमतेम जाईल एवढीच वाट.

पाणी शिरण्याचं कारण समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. दर काही वर्षांनी जुनं डांबर न खरवडता त्यावरच नवा थर पडत गेला. रस्ता चढत गेला, चाळीचा ओटा आहे तिथेच राहिला. पूर्वी ज्या ओट्यावर चढायला तीन पायऱ्या होत्या, तिथे आता एक उरली होती, आणि काही घरांत तर रस्त्यावरून खाली उतरावं लागायचं. एका आजींनी उंबऱ्यावर विटांचा बांध घातला होता. त्यांना सायकलमार्गाचं सांगायला गेलो तर म्हणाल्या, "ते करा हो, पण आधी हा रस्ता खाली न्या."

प्रस्ताव मात्र 'सायकल ट्रॅक' म्हणूनच पुढे आला होता. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला जाणारा एक सायकलस्वारांचा गट, एक माजी नगरसेवक आणि जिल्हा नियोजन समितीच्या निधीची शक्यता, या तिघांच्या भेटीतून तो जन्मला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली होती आणि प्रशासक कारभार पाहत होते. त्यामुळे लोकांचं म्हणणं अधिकृतपणे मांडणारं असं कोणी नव्हतं. माजी नगरसेवक येत, पण 'माजी' म्हणूनच.

पहिल्याच बैठकीत विभाग कार्यालयातल्या एका अभियंत्यांनी विचारलं, "ट्रॅक म्हणजे बीकेसीसारखा का?" प्रश्न बोचरा होता, पण रास्त होता. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये बांधलेला सायकल ट्रॅक सायकलींपेक्षा उभ्या गाड्यांसाठीच प्रसिद्ध झाला. पवई तलावाच्या काठचा ट्रॅक मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि झालेलं बांधकाम काढायला सांगितलं. मरीन ड्राइव्हवर २०१७ च्या अखेरीस सुरू झालेली रविवारची मार्गिका हौसेची होती, तिचा आठवड्याच्या कामाशी संबंध नव्हता. या शहरात सायकलमार्ग म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया आधी वर जातात आणि मग तो ऐकतो.

मोजणी

आराखड्याआधी मोजणी करायची, असा आग्रह आमच्या गटाने धरला. एका महाविद्यालयाचे विद्यार्थी पहाटेपासून रात्रीपर्यंत पाळीपाळीने तीन ठिकाणी उभे राहिले. गाड्या मोजायचं ठरलेलं तंत्र असतं. सायकलीच्या बाबतीत आम्ही तीन गोष्टी वाढवल्या: सायकलवर काय लादलंय, ती कुठल्या दिशेने जाते आणि कुठे-कुठे थांबते.

पुढचा सगळा निर्णय या तीन रकान्यांनी फिरवला.

पहाटे दूध आणि वर्तमानपत्रं. उजाडता उजाडता पाव, मागे मोठी पेटी किंवा ताडपत्रीने झाकलेली टोपली बांधलेली सायकल. मग इडलीवाला, भोंगा वाजवत. अकराच्या सुमारास डबेवाले, हँडलला दोन्हीकडे डबे लटकवलेले, मागच्या कॅरिअरवरही. दुपारी गॅस सिलिंडर, मग परतीचे रिकामे डबे, संध्याकाळी इस्त्रीच्या कपड्यांची गाठोडी. दिवसभर मध्ये मध्ये चहाची किटली घेऊन फिरणारी पोरं. हौसेने सायकल चालवणारे दिसले, पण ते बहुतेक रविवारी, आणि त्यांना हा रस्ता फक्त ओलांडायचा असे.

दुसरी गोष्ट दिशेची. कामाच्या सायकलींपैकी बऱ्याचशा उलट्या दिशेने येत होत्या. रस्ता एकेरी झाल्यापासून बेकरीकडून वाड्यांकडे कायदेशीर मार्गाने यायचं तर मोठ्या रस्त्याचा लांब वळसा पडायचा, तोही बस आणि ट्रकच्या गर्दीतून. एका पाववाल्याने सरळ सांगितलं, "वळसा घालून येईपर्यंत पाव गार होतो, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडून घेतं." वाहतूक पोलिसांच्या लेखी ही बेशिस्त होती. आमच्या नकाशावर ती रस्त्याची खरी गरज म्हणून उमटली.

तिसरी गोष्ट थांब्यांची. कामाची सायकल इथून तिथे जात नाही. ती दर वाडीच्या तोंडाशी थांबते, स्टँडवर लागते, माणूस आत जाऊन येतो, मग पुढे. एका डबेवाल्या काकांना आम्ही उंच ट्रॅकचं चित्र दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "हा उंच केलात तर आम्ही खालूनच जाणार. भरलेल्या सायकलला कठड्यावर चढव-उतर नको." आराखड्याच्या दृष्टीने त्या एका वाक्याचं मोल आमच्या कित्येक नकाशांपेक्षा जास्त होतं.

पर्याय

पहिला पर्याय म्हणजे नुसतं सुशोभीकरण: नवे दिवे, नवी फरशी, कुंड्या, भिंतीवर चित्रं. स्वस्त, झटपट आणि कोणाचाच विरोध नाही. पण ओट्याच्या पाण्याला त्यात उत्तर नव्हतं आणि उभ्या गाड्यांना तर हातच लागत नव्हता.

दुसरा, मूळ प्रस्तावातला: एका कडेला कठड्याने वेगळा केलेला, दोन्ही दिशांचा, रंगवलेला ट्रॅक. याच्यासाठी माजी नगरसेवक आणि रविवारचा गट ठाम होते. कागदावर हिशेब मांडला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेप्रमाणे निवासी-मिश्र भागात किमान १.८ मीटर मोकळा पदपथ लागतो आणि दुकानांच्या भागात २.५ मीटर धरावा लागतो. दोन्हीकडचे पदपथ, गाड्यांसाठी एक मार्गिका, अग्निशमन बंबाला वळायला जागा, आणि त्यावर हा ट्रॅक. बेरीज मधल्या रुंद पट्ट्यात कशीबशी बसत होती. दोन्ही टोकांना पदपथ खाल्ल्याशिवाय बसत नव्हती. त्यात डबेवाल्या काकांचं वाक्य: बसवला तरी ज्यांच्यासाठी बसवायचा ते वापरणार नाहीत.

तिसरा, रविवारी सकाळी रस्ता गाड्यांना बंद. २०१४ मध्ये वांद्रे ते सांताक्रूझ पट्ट्यात 'इक्वल स्ट्रीट्स' नावाने असा प्रयोग झाला होता आणि त्याला गर्दीही झाली होती. पुण्यातही लक्ष्मी रस्त्यावर डिसेंबरात एक दिवस पादचाऱ्यांसाठी राखला जातो. चांगली गोष्ट आहे, पण मंगळवारी पहाटे पाव घेऊन येणाऱ्याच्या ती कामाची नाही.

चौथा पर्याय मोजणीतून निघाला. गाड्यांसाठी एकच अरुंद मार्गिका, एकेरीच. तिच्या शेजारी उलट दिशेने सायकलींना रंगाने आखलेली पट्टी, रस्त्याच्याच पातळीवर, कठडा नाही. दर वाडीच्या तोंडाशी रस्ता पदपथाच्या उंचीला येईल असा सपाट उंचवटा, म्हणजे गाडी आपोआप हळू होते आणि म्हातारं माणूस न उतरता रस्ता ओलांडतं. हातगाड्यांनाही त्या पट्टीतून जायला मुभा. आणि संपूर्ण रस्ता जुन्या पातळीवर खाली.

हा पर्याय फोटोत फारसा दिसत नाही, ही त्याची मोठी अडचण होती. हिरव्या ट्रॅकचं उद्घाटन करता येतं. रस्ता वीतभर खाली गेल्याची फीत कोण कापणार?

पहिला निर्णय: गाड्या कुठे

सायकलीवर वाद होईल असं सगळ्यांना वाटत होतं. झाला तो उभ्या गाड्यांवर. चाळीच्या अंगणात भरलेल्या बैठकीत चिटणीस काकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "गाडी कुठे लावायची ते आधी सांगा, सायकलचं मग बोलू." चाळीत घरटी एक स्कूटर झाली आहे, आणि अंगण पूर्वीएवढंच आहे. चारचाकी कमी, पण जागा जास्त त्यांनीच अडवलेली. त्यातल्या बऱ्याचशा रहिवाशांच्या नव्हत्याच. आसपासच्या बाजारात येणारे लोक सकाळी लावून संध्याकाळी नेत, हे मोजणीत गाड्यांच्या नंबरांवरून लक्षात आलं.

हा तपशील बैठकीत सांगितल्यावर हवा बदलली. तोवर रहिवासी आणि दुकानदार एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला होतो. आपली जागा बाहेरचे वापरतात हे दिसल्यावर दुकानदारांनीच सुचवलं की चारचाकी जवळच्या सशुल्क वाहनतळावर जाऊ द्या. ठरलं असं: अरुंद टोकांना वाहन उभं करायला पूर्ण मनाई, मधल्या रुंद पट्ट्यात एकाच बाजूला दुचाकींचे आडवे कप्पे, माल उतरवायला सकाळी नऊच्या आत आणि दुपारी डबे परत गेल्यानंतर अशा दोन वेळा. छापखान्याच्या मालकांना दुपारची वेळ नको होती, कारण त्यांचा कागद सकाळी उशिरा येतो. त्यांच्यासाठी अपवाद केला नाही. त्यांनी पुरवठादाराची वेळ बदलून घेतली, कुरकुरत का होईना.

दुसरा निर्णय: चाचणी

वाहतूक पोलिसांचा उलट्या दिशेच्या पट्टीला आक्षेप होता आणि तो निव्वळ हटवादीपणा नव्हता. सायकल उलटी येऊ दिली की मोटरसायकलही येणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तोडगा म्हणून मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली तात्पुरती अधिसूचना काढून हिवाळ्यात चाचणी घ्यायचं ठरलं. प्लॅस्टिकचे शंकू, दोऱ्या आणि फक्कीच्या रेघा. खर्च नगण्य.

पोलीस म्हणाले तसंच झालं. मोटरसायकली घुसल्या. पट्टीच्या तोंडाशी खांब रोवून फट अरुंद करावी असं आधी ठरवलं होतं. मग प्रत्यक्ष पाववाल्याची सायकल आणून मापली तेव्हा लक्षात आलं की पेटीसकट ती स्कूटरपेक्षा रुंद भरते. पावाला जाऊ देणारी कुठलीही फट स्कूटरला आधीच जाऊ देणार. डब्यांनी लगडलेल्या हँडलचंही तेच. म्हणजे खांब लावले असते तर जिच्यासाठी पट्टी केली तीच सायकल अडली असती.

यावर दोन मतं पडली. एक गट म्हणाला, पट्टीच रद्द करा. दुसरा म्हणाला, मोटरसायकली थोड्याफार येतील हे धरून चाला, पण त्यांना वेग घेता येणार नाही एवढं पाहा. चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात वाडीच्या तोंडांशी वाळूच्या गोण्या आणि लाकडी फळ्यांचे तात्पुरते उंचवटे केले, सकाळच्या गर्दीच्या वेळी एक हवालदार दिला. घुसखोरी संपली नाही, कमी झाली, आणि जी उरली ती हळू झाली. पोलिसांनी कायम अधिसूचनेला होकार दिला, मात्र वर्षभरानंतर फेरविचाराची अट घालून. माझ्या मते ती अट आपल्या बाजूचीच होती. कुठलीही रेघ कायमची आखली की तिच्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही.

तिसरा निर्णय: गणपती आणि पाट्या

गिरगावात रस्त्याचा आराखडा गणपतीला विचारल्याशिवाय होत नाही. १८९३ मध्ये केशवजी नाईक चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तो याच परिसरात. मिरवणुका, गुढीपाडव्याची शोभायात्रा, दहीहंडीचे दोर. रस्त्यात कायमचा दुभाजक, उंच कुंड्या किंवा खाली आलेले दिवे चालणार नव्हते. म्हणून सगळे खांब काढता येतील असे, कडेला, आणि दिव्यांचे हात शक्य तिथे इमारतींच्या बाजूने.

खरा प्रश्न मंडपाचा होता. बांबू रोवायला दरवर्षी फरशी फोडली जाते आणि नंतर ती तशीच राहते. मंडळाच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन मंडपाचा जुना नकाशा फरशीवर खडूने आखला आणि त्या जागी झाकणाच्या लोखंडी नळ्या गाडल्या. बांबू किंवा लोखंडी खांब नळीत बसतो, उत्सव संपला की झाकण लागतं. कल्पना मंडळाच्याच एका तरुणाची. तो नोकरीने वेल्डर होता, नळीचा व्यासही त्यानेच ठरवला.

पाट्यांच्या बाबतीत योग जुळून आला. मार्च २०२२ मध्ये कायद्यात बदल होऊन लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत २५ नोव्हेंबर २०२३ ला संपत होती. दुकानदार पाट्या बदलणारच होते. मग दादाभाई नवरोजी रस्त्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या कामाचं उदाहरण ठेवलं: तिथे दुकानांच्या पाट्या कमानींच्या आत बसतील अशा मापात आणल्या आणि झाकलेले दगडी दर्शनी भाग पुन्हा दिसू लागले. आम्ही पाटीची उंची आणि जागा यांचा एक कागद केला, अक्षरांच्या वळणावर काहीच बंधन घातलं नाही. निम्म्याहून अधिक दुकानांनी तो मानला. फरसाणवाल्यांनी नाही मानला. त्यांची झगझगीत पाटी अजून आहे, आणि खरं सांगायचं तर रात्री तिच्याच उजेडाचा रस्त्याला आधार असतो.

झाडांवर थोडा वेळ गेला. कोणी पाम सुचवले, तेव्हा एका काकांनी "वाडीत माड होते, पाम नव्हते" म्हणून उडवून लावलं. माडही लावता येत नाहीत, नारळ डोक्यात पडतो. शेवटी जुन्या पिंपळाच्या आणि पर्जन्यवृक्षांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडून माती मोकळी केली आणि मोकळ्या जागी ताम्हण लावली.

काम

काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालं. मुंबईत खोदकामाचं वर्ष दिवाळी ते ३१ मे एवढंच असतं. त्यात त्या हंगामात लोकसभेची निवडणूक. आचारसंहिता लागली की नवे कार्यादेश निघत नाहीत, म्हणून रस्त्याचे दोन भाग केले. मोठा भाग, म्हणजे एक अरुंद टोक आणि मधला पट्टा, आधी काढला. दुसऱ्या टोकाची निविदा मार्चमध्ये व्हायची होती. १६ मार्च २०२४ ला निवडणूक जाहीर झाली आणि ती अडकली. पावसाळ्यानंतर ती उघडेपर्यंत १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता आली.

रस्ता खरवडायला घेतला तेव्हा डांबराचे थर पोळ्यांच्या चवडीसारखे दिसत होते. वीतभर खाली गेल्यावर प्याऊची पहिली पायरी लागली, मग दुसरी. काळ्या दगडाचे जुने कर्बही, म्हणजे पदपथाच्या कडेचे दगडही, निघाले. ते उचलून नेण्याच्या तयारीत ठेकेदार होता. ते मोजून, खडूने क्रमांक घालून तिथेच पुन्हा बसवायला लावले. हे करायला भाग पाडणारं कलम निविदेत होतं म्हणून जमलं. नुसत्या विनंतीवर जमलं नसतं.

रस्ता खाली नेण्याचा निर्णय मात्र पर्जन्य जलवाहिन्या खात्याच्या अभियंत्यांशी दोन-तीन बैठका झाल्यावरच पक्का झाला. भरतीच्या वेळी मोठा पाऊस असेल तर नळांतलं पाणी मागे सरतं. रस्ता फार खाली गेला असता तर ओट्यावरून हटवलेलं पाणी रस्त्यावरच साचलं असतं. म्हणून जिथे ओटे सर्वांत खाली आहेत तिथे पूर्ण खाली, इतरत्र कमी. गटाराच्या जाळ्यांच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला आडव्या लावल्या. उभ्या लावल्या तर चाक अडकतं, ही गोष्ट सायकल चालवणाऱ्याला कळते, पण ठरावीक नकाशात नसते. सायकलपट्टीचा रंगही पूर्ण भरला नाही, कडा आणि चिन्हंच रंगवली, कारण पावसात भिजलेल्या रंगावरून भरलेली सायकल घसरते.

फुलवाल्या मावशी आणि किल्लीवाले यांना कामाच्या काळात दुसऱ्या गल्लीत बसवलं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण आहे, पण कागदावर जागा असणं आणि परत येऊन बसणं यात अंतर असतं. काम संपल्यावर त्या जागेवर दुचाकी लागायला लागल्या होत्या. पदपथाच्या कडेला त्यांच्यासाठी आखलेले कप्पे होते म्हणून भांडून का होईना जागा मिळाली.

परिणाम

पहिल्या पावसात, २०२४ मध्ये, ओट्यांच्या भागात पाणी घरांत शिरलं नाही. आजींनी विटांचा बांध काढला नाही. अजून एक पावसाळा बघू, असं त्यांचं म्हणणं होतं. रहिवाशांच्या दृष्टीने यशाची हीच एक खूण होती, सायकलचा नंबर त्यानंतर.

सायकलपट्टी कामाच्या वेळेला चालते. पहाटे आणि सकाळी ती जवळजवळ पूर्ण पाव-दूध-डब्यांची असते. संध्याकाळी सहानंतर तिच्यावर मोटरसायकली आणि खाण्याच्या ऑर्डरी पोचवणारी मुलं असतात, आणि हवालदार नसतो. हातगाडीवाल्यांनी ती पहिल्या दिवसापासून आपली मानली. रविवारच्या गटातल्या काहींना हा 'खरा सायकल ट्रॅक नाही' असं अजूनही वाटतं.

सप्टेंबर २०२४ च्या गणेशोत्सवात नळ्या वापरल्या गेल्या. एका मंडळाने मात्र मंडप वाढवला आणि जास्तीचे खांब फरशी फोडून रोवले. एका सेवावाहिनीच्या, म्हणजे जमिनीखालच्या नळ-केबलींच्या, ठेकेदाराने तर उत्सवानंतर नव्या फरशीतून चर खणला आणि वर सिमेंट ओतून निघून गेला. तो काळा चट्टा अजून तिथेच आहे.

सर्वांत त्रासदायक जागा म्हणजे राहिलेलं टोक. सायकलपट्टी जिथे संपते तिथून जुना, चढलेला, दोन्ही बाजूंना गाड्या लागलेला रस्ता सुरू होतो. उलट दिशेने येणाऱ्या सायकलला तिथे अचानक गाड्यांच्या समोर यावं लागतं. तात्पुरता उपाय म्हणून पट्टी एक वाडी आधीच संपवली. मग त्या एका वाडीचे लोक विचारू लागले की आमच्या दारापर्यंत का नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दोन टप्प्यांची सीमा निधीच्या आकड्याने ठरली. ती सायकलच्या प्रवासाने ठरायला हवी होती. बेकरीपासून शेवटच्या वाडीपर्यंतचा एक अख्खा मार्ग आधी स्वस्तात, म्हणजे रेघा, अधिसूचना आणि उंचवटे एवढ्यावर करता आला असता, आणि फरशी-दिव्यांचं महाग काम मागाहून तुकड्या-तुकड्याने चाललं असतं. चाचणीचं सामान होतं, परवानगी होती. चाचणी संपली म्हणून ते गुंडाळून ठेवलं गेलं. ती चाचणी सरळ पुढे चालू ठेवण्याचा पर्याय कोणत्याही बैठकीत मांडला गेला नाही.

मोजणी आम्ही कामाआधी केली, नंतर त्याच पद्धतीने आणि त्याच ठिकाणी करायची तरतूद अंदाजपत्रकात नव्हती. त्यामुळे वर्षभरानंतरच्या फेरविचाराला पोलिसांसमोर ठेवायला आमच्याकडे छायाचित्रं आणि लोकांची पत्रं होती, तुलना करता येतील असे आकडे नव्हते. अधिसूचना वाढली, पण ती त्या अधिकाऱ्यांच्या चांगुलपणावर वाढली.

संध्याकाळच्या पाळीचा विचार कमी पडला. मोजणी झाली तेव्हा घरपोच खाणं आणणाऱ्यांची ये-जा होतीच, पण आम्ही त्यांना मोटरसायकली म्हणून वेगळ्या रकान्यात टाकलं. त्यातली काही मुलं आता विजेवर चालणाऱ्या सायकली वापरतात. त्यांना पट्टीत घ्यायचं की नाही, हा प्रश्न तेव्हाच बैठकीत आणला असता तर आज हवालदाराला स्वतःच्या अंदाजाने शिट्टी वाजवावी लागली नसती.

चर खणण्याबद्दल एक गोष्ट साधी होती. सेवावाहिन्यांच्या कंपन्यांना कामाआधी पत्रं गेली, उत्तरं मोजक्यांची आली. पदपथाखाली रिकामे पाइप आधीच टाकून ठेवले होते, पण ते कुठे आहेत याचा नकाशा विभाग कार्यालयाच्या एका फायलीत राहिला. त्याची प्रत प्रत्येक वाडीच्या चिटणिसाकडे हवी होती, म्हणजे खणणारा आला की त्याला तिथल्या तिथे दाखवता आली असती. आता तशा प्रती वाटल्या आहेत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो-३ कफ परेडपर्यंत धावू लागली आणि गिरगावचं स्थानक सुरू झालं. त्यामुळे सकाळी या रस्त्याने चालत येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, विशेषतः राहिलेल्या टोकाला, जिथे पदपथ सर्वांत अरुंद आहे. त्या टोकाची निविदा आता पुन्हा तयार होते आहे. यावेळी तिच्यात पदपथ आधी, सायकलपट्टी शेवटच्या वाडीपर्यंत, आणि काम झाल्यानंतरच्या मोजणीसाठी वेगळी रक्कम धरली आहे. उभ्या गाड्यांची बैठक मात्र अजून व्हायची आहे, आणि त्या टोकाच्या चिटणिसांनी तारीख दिलेली नाही.